अट्रॅक्टाचा टांगा

सगळा घोटाळा त्या काळ्या सुटामुळे झाला, असं मॅलकी गेरटी आजही ठासून सांगतो. त्याची बायको अट्रॅक्टा म्हणते, सूट बिचारा कपाटात निमूट लटकत होता, त्याला बाहेर काढणारा दोन पायांवर चालत होता. आयर्लंडातल्या आमच्या रॉसकॉमनमध्ये या विषयावर उघड दोन तट पडले आहेत, आणि आम्ही शेजारीपाजारी ज्याच्या हातचा चहा पीत असू त्याच्या तटात असतो.

मुद्दा टांग्याचा. लग्न झाल्यावर हे दोघं केरी परगण्यातल्या किलार्नीला गेले होते, तेव्हा तिथल्या नॅशनल पार्कातून टांग्यात बसून, मक्रॉसच्या जुन्या मठावरून, टॉर्कच्या धबधब्यापर्यंत जायचं, एवढा एकच हट्ट अट्रॅक्टानं धरला होता. त्या दिवशी पाऊस होता म्हणून मॅलकी म्हणाला, उद्या जाऊ. केरीत बिनपावसाचा उद्या ही एक अफवा आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो उद्या लांबत लांबत तीस वर्षांपलीकडे गेला. मध्ये मुलं झाली, घराचं छप्पर गळलं, म्हातारी आजारी पडली, आणि कौन्सिलातल्या मोटार-टॅक्सच्या खिडकीमागे बसून मॅलकीनं लोकांनाही "उद्या या" सांगण्यात हयात घालवली. तेवढ्यात अट्रॅक्टाच्या धाकट्या बहिणीला, डिम्फनाला, तिचा नवरा व्हिएन्नाला घेऊन गेला आणि घोडागाडीतला फोटो पाठवून मोकळा झाला. फोटोत नवरा काळ्या सुटात. अट्रॅक्टानं तो शेकोटीवरच्या फळीवर ठेवला आणि रोज, मॅलकी समोर बसलेला असताना, पुसायला लागली.

यंदा तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चढ चढायची बंदी केली. त्या संध्याकाळी ती आवाज न चढवता म्हणाली, "मॅलकी, धबधबा आता मला पायांनी दिसायचा नाही. टांग्यातून दिसला तर दिसला. या वर्षीही तू उद्या म्हणालास ना, तर मी परत कधी विचारणार नाही."

भांडली असती तर मॅलकीनं निभावून नेलं असतं, त्याची तयारी होती. पण परत विचारणार नाही, याची तयारी त्यानं कधी केली नव्हती. वरातीमागून घोडं तर घोडं, पण ते या जूनमध्ये, लग्नाच्या वाढदिवसाला, धबधब्यापर्यंत गेलंच पाहिजे, असं त्यानं ठरवलं.

ठरवलं आणि चुकून शेजारच्या पॅकी नॉटनला सांगितलं. पॅकी उभ्या जन्मात रॉसकॉमनच्या बाहेर दोनदा गेला, दोन्ही वेळा मॅच बघायला, त्यामुळे प्रवासाचा सल्ला द्यायला तो मोकळा होता. त्यानं सांगितलं की टांग्यात बाकावर फळी असते, उशी न्या. पोस्टातल्या ब्रायडीनं सांगितलं की घोड्याला गाजर दिल्याशिवाय तो वाटेतच बसतो. पाद्रीबाबांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंचं म्हणणं पडलं की केरीचे टांगेवाले थापा मारतात, पण मध्ये तोडलं तर अपमान समजतात, म्हणून ऐकून सगळ्याला हो म्हणावं. मॅलकी सरकारी माणूस, कुठलीच सूचना त्यानं फेटाळली नाही. त्यानं लाल मखमली उशी घेतली, गाजरं घेतली, आणि सगळ्याला हो म्हणायचं ठरवलं. हा शेवटचा सल्ला त्याला सगळ्यात महाग पडला.

आधी बुकिंग केल्याशिवाय मॅलकी न्हाव्याकडेही जात नाही. त्यानं पार्काच्या कचेरीत फोन लावला, तर उत्तर मिळालं की रस्ते आमचे, टांगे आमचे नाहीत. पर्यटन कचेरीनं सांगितलं की टांगेही आमचे नाहीत आणि रस्तेही नाहीत, आमच्याकडे फक्त नकाशे आहेत. तिथून मिळालेल्या नंबरावर एक बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, नवरा घोड्याबरोबर शेतात आहे, आणि बुकिंग असं काही नसतं. अड्ड्यावर जो टांगा रांगेत पुढे उभा, तो तुमचा. तुम्ही टांगा निवडायचा नाही, टांगेवाल्यानं तुम्हाला निवडायचं नाही. मॅलकीनं वाढदिवसाची तारीख तेवढी कळवून ठेवली आणि आपली कुठेतरी नोंद झाली, या समाधानात झोपला.

किलार्नीत ज्या घरी उतरले होते तिथल्या फिलोमीनाबाईंनी सकाळी सॉसेजची बशी पुढे ठेवली आणि मॅलकीचा सूट पाहून हळहळल्या. "मक्रॉसला ना? आज सगळेच टांगे तिकडे. बिचारी नोनी."

"बिचारी," मॅलकी लगेच म्हणाला.

आता ही नोनी कोण, हे त्याला कुठं ठाऊक होतं? पण आमच्याकडे कुणी "बिचारी" म्हटलं तर "कोण?" असं विचारणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार आपटणं. आपण मान हलवायची, "चालायचंच" म्हणायचं आणि कोण गेलं, कोण पडलं ते मग सावकाश दुसऱ्याच कुणाकडून काढून घ्यायचं. जिन्यात अट्रॅक्टानं विचारलं, नोनी कोण? मॅलकी म्हणाला, मला काय माहीत. मग बिचारी का म्हणालास? यावर तो गाजरं शोधायला लागला.

सूट अर्थातच फोटोसाठी होता. डिम्फनाचा नवरा व्हिएन्नाला काळ्या सुटात, तर मॅलकी केरीत स्वेटर घालून बसणार होता थोडाच. अट्रॅक्टाकडे चांगला म्हणावा असा कोट एकच, तोही काळा. दोघं अड्ड्यावर पोचले तेव्हा तिथं एकच टांगा उरला होता. घोडीच्या लगामाला काळी रिबन बांधली होती आणि टांगेवाला, बॅट लिनिहन नावाचा उंच, हाडकुळा माणूस, टाय लावून उभा होता. मॅलकीनं बायकोला कोपरानं ढोसलं. वाढदिवस कळवला होता ना, बघ, रिबन लावलीय. अट्रॅक्टा म्हणाली, काळी आहे. मॅलकी म्हणाला, इथं तशीच लावत असतील.

बॅटनं दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टोपी काढली. "मक्रॉसला?"

"मक्रॉसला, आणि मग पुढं धबधब्याला."

बॅटनं टोपी परत घातली. "आधी मक्रॉस," तो म्हणाला. "मग कोणाला कुठं जायचं ते जाईल."

तो जुन्या पद्धतीचा टांगा होता. दोन बाकं एकमेकांना पाठ करून, चाकांच्या वर, एक डावीकडे तोंड करून आणि एक उजवीकडे. मॅलकी बायकोशेजारी चढायला गेला तेवढ्यात गाडा त्या बाजूला कलला. बॅटनं त्याच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि त्याला दुसऱ्या बाजूच्या बाकाकडे हात दाखवला. तीस वर्षांनी जमून आलेली सहल अशी पाठीला पाठ लावून सुरू झाली. अट्रॅक्टाच्या वाट्याला तळं, डोंगर आणि बेटं आली. मॅलकीच्या वाट्याला कुंपण आलं.

थोड्या वेळानं मागून तिचा आवाज आला, "अगंबाई, हरणं." मॅलकीनं मान वळवली तर मानेची शीर धरली आणि हरणं गेली. मग ती म्हणाली, तळ्यावर ऊन पडलंय. मॅलकी म्हणाला, माझ्याकडे एक सायकल उभी आहे.

पण त्याच्या बाजूला दुसरंच काही चाललं होतं. रस्त्याकडेनं जाणारी माणसं टांगा दिसताच थांबत, टोप्या काढत, काही जणी छातीवर क्रूस काढत. रॉसकॉमनमध्ये टॅक्स भरायला आलेल्यांनी त्याला कधी नुसता नमस्कारही केला नव्हता. त्यानं हॅटला हात लावून प्रत्येकाला उत्तर द्यायला सुरुवात केली आणि खांद्यावरून बायकोला कळवलं की केरीची माणसं अतिशय सभ्य आहेत. पुढे टांगे, आडवाटांनी येऊन मिळालेले मागेही टांगे, सगळे एका संथ चालीनं निघालेले. पार्काच्या फाटकावरच्या माणसानं टांग्याचा परवाना बघितला नाही, फक्त मान खाली घातली. परवाना न बघता आत सोडणं मॅलकीला सरकारी माणूस म्हणून खटकलं. पण आपल्याला उशीर होत नाहीये म्हटल्यावर त्यानं तत्त्व गिळलं.

बॅटनं मागे न बघता विचारलं, लांबून आलात का?

"रॉसकॉमनहून."

बॅटच्या हातातला लगाम सैल पडला. "रॉसकॉमनहून," तो हळूच म्हणाला. "आणि आजच?"

"फार पूर्वी यायला हवं होतं. चूक माझीच. उद्या, उद्या करत राहिलो."

"आलात ना शेवटी," बॅट म्हणाला आणि त्यानं बाहीनं डोळे पुसले. टांगेवाले थापा मारतात हे मॅलकीला सांगितलं होतं, रडतात हे कोणी सांगितलं नव्हतं. पण मध्ये तोडायचं नाही, हो म्हणायचं, म्हणून त्यानंही एक उसासा टाकला. बॅटनं मागच्या टांग्याला ओरडून कळवलं की रॉसकॉमनचे आलेत. मागच्यानं त्याच्या मागच्याला कळवलं. ती खबर टांग्याटांग्यानं मागे जाताना मॅलकीनं स्वतः ऐकली, आणि एका पर्यटकाच्या आगमनाचं एवढं कौतुक पाहून तो गोंधळलाही आणि सुखावलाही.

मग रस्ता वळला. वळणावर पुढची सगळी रांग अट्रॅक्टाच्या बाजूला आडवी आली.

"मॅलकी," ती म्हणाली, "सगळ्यात पुढच्या टांग्यावर शवपेटी आहे."

मॅलकीनं मानेच्या शिरेची पर्वा न करता वळून पाहिलं. पेटीवर फुलं होती, फुलांवर एक टोपी आणि एक चाबूक. पेटीच्या मागे काळ्या कपड्यातली एक बाई चालत होती आणि तिच्यामागे पाद्री. मक्रॉसच्या जुन्या मठातलं दफन होतं ते. पिढ्यान्‌पिढ्या तिथं जागा असलेल्या मोजक्या घरांतलं कुणीतरी गेलं होतं, आणि किलार्नीतले यच्चयावत टांगेवाले त्याला पोचवायला निघाले होते.

अट्रॅक्टा म्हणाली, उतरूया. मॅलकी म्हणाला, कसं उतरणार? अंत्ययात्रेत एकदा शिरलं की तिला ओलांडून पुढे जाता येत नाही, तिच्यातून मागे फिरता येत नाही, आणि कोण गेलंय हे तर विचारता येतच नाही. त्यातून मॅलकी म्हणजे आमच्याकडचा पट्टीचा मयतकरी. सकाळी रेडिओवर निधनवार्ता ऐकल्याशिवाय तो अंड्याला हात लावत नाही. गेलेल्याची ओळख असायला पाहिजे असं नाही. ओळख करून घ्यायची तेवढी एकच संधी उरलेली असते, असं तो म्हणतो. तोच मॅलकी आता धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशा अवस्थेत, मांडीवर लाल मखमली उशी घेऊन बसला होता.

"मग धबधबा?" मागून आवाज आला.

"नंतर," मॅलकी म्हणाला. उद्या म्हणालो नाही, एवढं तरी तिनं लक्षात घ्यावं असं त्याला वाटलं. तिची पाठ त्याच्या पाठीपासून दोन बोटं लांब सरकली.

मठाच्या भिंतीशी टांगे थांबले. आपण मागे कुठंतरी झाडाखाली उभं राहावं, दोन प्रार्थना पुटपुटाव्यात आणि सटकावं, असा मॅलकीचा बेत होता. पण बॅट आधीच पाद्र्यांच्या कानाला लागला होता. पाद्रीबाबांनी येऊन मॅलकीचं कोपर धरलं. "मॉर्टचा मुलगा ना तू? तुझी जागा तिथं आहे." आणि त्याला थेट खड्ड्याच्या कडेला, त्या काळ्या कपड्यातल्या बाईच्या शेजारी नेऊन उभं केलं.

दफन चालू असताना आजूबाजूच्या कुजबुजीतून मॅलकीला उलगडा झाला तो असा. गेलेला माणूस जेर टँगनी, किलार्नीतला सगळ्यात जुना टांगेवाला, आणि शेजारची बाई त्याची बायको नोनी, सकाळची ती बिचारी. त्याचा भाऊ मॉर्ट तरुणपणी एका घोडीवरून भांडून रॉसकॉमनला गेला तो गेलाच, आणि आज इतक्या वर्षांनी त्याचा मुलगा बापाची चूक कबूल करत काकाच्या मातीला आला होता. वाटेत टांग्यात बसून ढसाढसा रडला म्हणे. मॅलकीला ओरडून सांगावंसं वाटलं की मॉर्ट कोण हे मला ठाऊक नाही, मी सहलीला आलोय. पण पाद्री लॅटिनमध्ये काहीतरी म्हणत होते, आणि लॅटिनच्या मध्ये बोलायचं नाही हे त्याला लहानपणापासून पक्कं माहीत होतं.

माती पडली. आणि सवयीनं घात केला. माती पडली की घरच्यांशी हात मिळवायचा, हे मॅलकीच्या रक्तात भिनलेलं. त्यानं त्या बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वाईट झालं हो." एवढं बोलून तो पुढे सरकणार, तर पुढे भिंत. मागून सगळा जमाव रांग लावून आला, आणि नोनीबाईंचा हात सोडलेला प्रत्येक माणूस मॅलकीचा हात धरून म्हणायला लागला, वाईट झालं. मॅलकीच्या डाव्या हातात गाजरांची पिशवी होती. एका म्हातारीनं ती निरखून पाहिली आणि शेजारणीला सांगितलं, बघ, जेरच्या घोडीसाठी आणलीत, रक्त आहे शेवटी.

दोन माणसांच्या मधल्या फटीत नोनीबाई पुढे बघतच हळूच म्हणाल्या, "तू मॉर्टचा नाहीस. मॉर्टला मूलबाळ नव्हतं."

खालच्या आवाजात मॅलकी भराभरा सगळं बोलून गेला, सूट, रिबन, बुकिंग, रॉसकॉमन. आपण आत्ता निघतो, असंही म्हणाला.

"हलू नकोस," नोनीबाई म्हणाल्या. "जेरच्या बाजूनं उभं राहायला एक माणूस नव्हता. रात्रभर मला त्याचीच लाज वाटत होती. कोणी का असेनास, उभा राहा."

मॅलकी उभा राहिला. रांग मठाच्या दारातून बाहेर, झाडांमधून पार टांग्यांपर्यंत गेली होती. तेवढ्यात त्या रांगेला वळसा घालून, काठी टेकत, अट्रॅक्टा समोर आली. भिंतीपाशी एकटी उभी राहून तिचा खुबा ठणकायला लागला होता. आल्या आल्या तिनं आधी नोनीबाईंशी रीतसर हात मिळवला, वाईट झालं म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळली.

"मी कुणाच्या मातीत असं बोलू नये, मला कळतं," ती म्हणाली. "पण तीस वर्षं मी एका टांग्याची वाट पाहिली. आज तू मला टांग्यात बसवलंस ते पाठ करून, आणि आणलंस ते परक्या माणसाच्या खड्ड्याशी. आता बॅट म्हणतो, रांग संपल्यावर घोडी घरी जाणार. झालं माझं, मॅलकी. मी नाही परत विचारणार."

रांग थबकली. मॅलकीला भूमी दुभंगावी असं वाटलं, आणि दुभंगलेली भूमी समोरच तयार होती. नोनीबाई अट्रॅक्टाकडे वळल्या.

"कुठं जायचं होतं गं तुला?"

"टॉर्कच्या धबधब्याला."

"मी पण नाही पाहिला टांग्यातून," नोनीबाई म्हणाल्या. "जन्मभर त्या टांग्याचं पितळ मी घासलं, बाकं पुसली. एकदा म्हटलं, मला ने. तर म्हणाला, बाक गिऱ्हाइकाचं आहे, सीझन संपला की नेतो. सीझन संपला की घोडी दमलेली असायची. अमेरिकेतल्या बायकांना नेलं, जपानच्या नेल्या. मी इथंच, दोन मैलांवर." त्यांनी रुमाल पिशवीत टाकला आणि पिशवी काखोटीला मारली. "बॅट, घोडी दमलीय का?"

बॅटनं पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबांनी आभाळाकडे पाहिलं, तिथूनही काही सूचना आली नाही. बॅट म्हणाला, घोडी ठीक आहे.

"मग चल. आत्ता. ऊन आहे तोवर."

कोणीतरी चाचरत म्हणालं, नोनी, लोक अजून रांगेत उभे आहेत. नोनीबाईंनी मॅलकीच्या दंडावर थोपटलं. "हा आहे की घरचा," त्या म्हणाल्या. मॅलकीनं पुढे होऊन लाल उशी तेवढी बायकोच्या हातात दिली. तिनं ती घेतली. सगळ्या किलार्नीच्या डोळ्यांदेखत दोघी टांग्याकडे निघाल्या, एक काठीवर, दुसरी तिच्या दंडाला धरून. बॅटनं त्यांना एकमेकींना पाठ करून बसवायला हात पुढे केला, तर दोघी एकाच बाकावर चढून बसल्या. टांगा कलला. तसाच कललेला, झाडांच्या आड निघून गेला, आणि थोड्या वेळानं तिकडून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज आला.

मॅलकीला मागच्या मागे धावावंसं वाटलं. धावता आलं नाही, कारण त्याचा हात कोणाच्या तरी हातात होता. वाईट झालं, तो माणूस म्हणाला. आणि त्या सकाळी पहिल्यांदाच मॅलकीला खरंच वाईट वाटलं, इतकं की डोळे भरून आले आणि पुढचा चेहरा नीट दिसेना. गिऱ्हाइकाचं बाक, दमलेली घोडी, पाऊस, छप्पर, उद्या. त्याच्या पायाशी ओल्या मातीखाली झोपलेल्या त्या माणसाला तो आता फार चांगलं ओळखत होता.

रांगेतला शेवटचा म्हातारा हात सोडेना. त्याला त्या रडणाऱ्या परगावच्या माणसाची दया आली असावी.

"जेरच्या फार जवळचे होतात का हो तुम्ही?" त्यानं विचारलं.

मॅलकीनं नाक पुसलं.

"एकाच माळेचे मणी," तो म्हणाला.